शस्त्र आणि उजेड : बंदुकीवरील दिव्याच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

सारांश

शस्त्रांच्या इतिहासात पल्ला, वेग आणि मारकता यांचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु ते शस्त्र रात्री कोणावर रोखले जात आहे हे दिसावे कसे, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत लेखात १६६३ मधील लाल महालावरील छापा, तोड्याच्या बंदुकीची रात्रीची अडचण, मशालजीची संस्था, कोरड्या विद्युतघटाचे आगमन आणि २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला या टप्प्यांच्या आधारे शस्त्र व उजेड यांच्या संबंधाची मांडणी केली आहे. त्यावरून बंदुकीवर बसवावयाचा टिकाऊ व आटोपशीर दिवा निवडण्याचे निकष कोणते असावेत, आणि खानदेशासारख्या प्रदेशातील पोलीस दलाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व काय, याचा विचार येथे केला आहे.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत 'बत्ती' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. घरात लावतात ती बत्ती आणि तोफेला देतात तीही बत्तीच. एकच शब्द उजेडासाठी आणि स्फोटासाठी वापरला जावा, यामागे केवळ भाषेची काटकसर नाही. कित्येक शतके बंदूक आणि तोफ उडविण्यासाठी जळती वात लागत असे. म्हणजे दारूगोळ्याचे शस्त्र आपल्याकडे आले ते आगीची ठिणगी सोबत घेऊनच. मात्र ही ठिणगी शस्त्र चालविण्याच्या कामी आली, शस्त्रधाऱ्याला समोरचे दाखविण्याच्या कामी आली नाही. पाहण्यासाठी लागणारा उजेड आणि मारण्यासाठी लागणारी आग या दोन गोष्टी दीर्घकाळ वेगवेगळ्या हातांत राहिल्या.

आज पोलीस व सैन्यदलांतील विशेष पथकांच्या बंदुकांवर लहानसा विजेचा दिवा बसविलेला असतो. वरवर पाहता ही एक किरकोळ जोडवस्तू वाटते. परंतु तिच्या मागे असलेला प्रश्न जुना आणि गंभीर आहे. अंधारात शस्त्र हाती घेतलेल्या माणसाला समोरचा माणूस ओळखू आला नाही, तर दोन अनर्थ संभवतात : शत्रू निसटतो, किंवा निरपराध मारला जातो. या दोन्ही अनर्थांची उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासात सापडतात. त्या उदाहरणांपासून आरंभ करून आजच्या निवडीच्या निकषांपर्यंत येणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. लाल महाल : मालवलेल्या दिव्यांची साक्ष

५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात मुक्काम करून असलेल्या शायिस्तेखानावर छापा घातला. या प्रसंगाचे धाडस सर्वश्रुत आहे. येथे मात्र त्यातील उजेडाच्या प्रश्नापुरताच विचार करावयाचा आहे.

छापा घालणाऱ्यांच्या दृष्टीने अंधार हा मित्र होता. रमजानचा महिना असल्याने दिवसभराच्या उपवासानंतर महालातील माणसे निद्राधीन होती. मुदपाकखान्याच्या बाजूने भिंत फोडून मराठे आत शिरले. मात्र आत शिरल्यानंतर हाच अंधार प्रतिकूल ठरला. या गोंधळात अंतःपुरातील एखाद्या प्रसंगावधानी स्त्रीने दिवे मालवले असावेत, असे सर जदुनाथ सरकार मानतात. त्या अंधारात खानाला दासींनी बाजूला नेले. त्याची बोटे तुटली, पण प्राण वाचले. त्याचा पुत्र अबुल फतेखान मात्र मारला गेला.

खाफीखानाने नोंदविलेला आणखी एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. महालामागे राहणारा एक प्रतिष्ठित वृद्ध गृहस्थ आरडाओरडा ऐकून दोराच्या शिडीने खिडकीतून उतरू पाहत होता. तो दिसण्यात काहीसा शायिस्तेखानासारखा होता. त्यालाच खान समजून छापेकऱ्यांनी ठार केले. म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता तो निसटला आणि ज्याचा संबंध नव्हता तो मारला गेला. योजना, शौर्य आणि वेग यांत काहीही उणे नसताना एका गोष्टीची उणीव राहिली : शस्त्र चालविण्याच्या क्षणी समोरच्याचा चेहरा ओळखता येईल इतका, आणि आपल्या ताब्यात असलेला, उजेड.

'आपल्या ताब्यात असलेला' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. महालात दिवे होते. पण ते महालातल्या माणसांच्या हाती होते. त्यांनी ते मालवले आणि प्रसंगाचे पारडे फिरले. उजेड कोणाच्या हाती आहे, यावर अंधारातील संघर्षाचा निकाल पुष्कळ अंशी अवलंबून असतो, हे सूत्र या प्रसंगातून हाती लागते. पुढील विवेचनात ते पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

३. तोडा, मशाल आणि श्रमविभागणी

सतराव्या शतकातील सामान्य बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. तोडा किंवा जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली, सावकाश जळत राहणारी सुती दोरी. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक कानातील रंजकावर पडे आणि बार होई. या रचनेत रात्रीच्या दृष्टीने तीन मोठे दोष होते. पहिला असा की, बंदूक तयार ठेवायची तर तोडा सतत जळता ठेवावा लागे. प्रत्यक्ष एकही बार झाला नाही तरी तोडा संपत जाई. दुसरा, पावसात तो विझे. सह्याद्रीच्या पावसाळ्यात ही अडचण किती मोठी असेल, याची कल्पना करता येते. तिसरा दोष सर्वांत घातक होता : अंधारात तोड्याचा लाल ठिपका दुरून दिसे. पाहारेकऱ्याला त्याच्या उजेडात काही दिसत नसे, पण पाहारेकरी कोठे उभा आहे ते मात्र शत्रूला दिसे. शस्त्रावरचा हा पहिला 'दिवा' म्हणावयाचा, तर तो धन्यापेक्षा वैऱ्याच्याच अधिक उपयोगाचा होता.

पाहण्यासाठी लागणारा उजेड निराळ्या माणसाच्या हाती असे. टेंभा, दिवटी, पलिता, हिलाल, मशाल ही मराठीतील शब्दसंपदाच सांगते की उजेड धरणे हे एक स्वतंत्र आणि बारकाईने विभागलेले काम होते. दिवट्या किंवा मशालजी हा लवाजम्यातील ठरलेला माणूस असे. एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली घेऊन तो चाले. त्याच्याकडे शस्त्र चालविण्याचे काम नसे, आणि ज्याच्याकडे शस्त्र असे त्याचे दोन्ही हात शस्त्रात गुंतलेले असत. तोड्याची लांब बंदूक एका हाताने भरता येत नाही आणि नेमही धरता येत नाही. म्हणून पाहणारा हात आणि मारणारा हात ही दोन वेगळ्या माणसांची अंगे झाली.

या श्रमविभागणीचे परिणाम सहज लक्षात येतात. मशालजी हा सर्वांत प्रथम दिसणारा आणि म्हणून सर्वांत प्रथम धोक्यात येणारा माणूस होता. तो पडला वा पळाला की शस्त्रधारी आंधळा होई. शिवाय दोघांच्या हालचालींत मेळ राहिला नाही, तर मशाल एकीकडे आणि नेम दुसरीकडे अशी स्थिती होई. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चकविल्याची जी कथा लाल महालाच्या प्रसंगाला जोडून सांगितली जाते, ती परंपरागत असली तरी तिच्यातील युद्धतत्त्व खरे आहे : उजेड जेथे दिसतो तेथे माणूस असणार, असे शत्रू गृहीत धरतो. उजेड हा दाखवितो तसा फसवितोही.

चकमकीची बंदूक आल्यावर जळत्या तोड्याची गरज संपली आणि शस्त्र स्वतःहून आपली जागा सांगेनासे झाले. १८२५ मध्ये जेम्स औट्रॅम याने खानदेश भिल्ल पथक उभारले आणि धरणगाव हे त्याचे ठाणे झाले. त्या काळी कंपनी सरकारच्या पायदळाचे मुख्य शस्त्र चकमकीची बंदूक हेच होते. सातपुड्यातील भिल्लांच्या धनुष्याशी तिची तुलना केली तर एक गोष्ट ध्यानात येते. धनुष्य आवाज करीत नाही आणि भडकाही उडवीत नाही. रात्री बाण सोडणारा कोठे आहे ते कळत नाही. बंदुकीचा बार मात्र क्षणभर सारे उजळून टाकतो आणि बार काढणाऱ्याच्याच डोळ्यांपुढे अंधारी आणतो. ज्यांना रात्रीच्या डोंगरवाटा ठाऊक होत्या अशाच भिल्लांना पथकात भरती करण्याच्या धोरणात राजकीय हिशेब होता, तसाच हा व्यावहारिक हिशेबही दिसतो. अंधारात पाहण्याचे साधन नव्हते, म्हणून अंधार ओळखीचा असलेली माणसे घेतली गेली.

४. कोरडा विद्युतघट आणि एकाच हातात आलेला उजेड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरडा विद्युतघट व्यवहारात आला आणि १८९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मिसेल याला नळीच्या आकाराच्या विजेच्या हातदिव्याचे पेटंट मिळाले. हाच तो दिवा मराठीत विजेरी, बॅटरी किंवा चोरबत्ती या नावांनी स्थिरावला. त्याचे मशालीहून वेगळेपण तीन बाबतींत होते : तो इच्छेनुसार क्षणात लागे व विझे, त्याचा झोत एका दिशेने जाई, आणि धरणारा स्वतः अंधारात राही. मशालीचा उजेड चोहीकडे पसरतो आणि सर्वाधिक उजळतो तो मशालजीलाच. विजेरीने हा क्रम उलटा केला.

विजेरी बंदुकीला जोडावी ही कल्पना भारतात प्रथम रुजली ती युद्धापेक्षा शिकारीच्या क्षेत्रात. या बाबतीतील सर्वांत बोधप्रद नोंद जिम कॉर्बेट यांची आहे. गढवालमधील रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसांचा बळी घेतला होता. मे १९२६ मध्ये गुलाबराई येथे आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसून राहिल्यानंतर कॉर्बेट यांना संधी मिळाली. बंदुकीला बसविलेल्या विजेरीची कळ त्यांनी दाबली, तेव्हा नेम बिबट्यावर बरोबर लागलेला होता. त्यांनी बार काढला आणि त्याच क्षणी विजेरी विझली. ती कित्येक महिने जवळ बाळगूनही वापरली नव्हती. घट किती काळ टिकतो आणि तो मधून मधून तपासावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हते. एक मंद झोत देऊन दिवा गेला. गोळी लागली की नाही, हे कळण्यासाठी त्यांना पहाटेपर्यंत अंधारात बसावे लागले.

या नोंदीत बंदुकीवरील दिव्याचे गुण आणि दोष दोन्ही एकत्र आले आहेत. दिवा नेमाच्याच रेषेत असल्याने बंदूक तसूभरही हलवावी लागली नाही, हा गुण. साधन ऐनवेळी दगा देऊ शकते आणि त्याची परीक्षा आधी न केल्यास त्याच्यावर विसंबता येत नाही, हा दोष. टिकाऊपणाचा प्रश्न पुढे शंभर वर्षांत पुष्कळ सुटला, पण परीक्षेचा प्रश्न आजही माणसाच्याच हाती आहे.

शिकारीतील या साधनाचा दुरुपयोगही झाला. दिव्याच्या झोताने दिपून जागच्या जागी उभे राहणारे जनावर मारणे फार सोपे असते. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या मूळ मसुद्यात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने शिकार करण्यावर निर्बंध होते, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने शिकार करण्याची पद्धतच संपुष्टात आली. दिवा शस्त्राची मारकता किती वाढवितो, याची कायद्याने दिलेली ही कबुलीच म्हणावी लागेल.

५. छंदाकडून दलाकडे : १९८० नंतरची वाटचाल

सुरक्षा दलांत या साधनाचा गवगवा झाला तो ५ मे १९८० रोजी. लंडनमधील इराणी वकिलातीत ओलीस ठेवलेल्या माणसांच्या सुटकेसाठी ब्रिटिश विशेष पथक आत शिरले, तेव्हा त्यांच्या आखूड बंदुकांवर विजेऱ्या बसविलेल्या होत्या. धुराने भरलेल्या खोल्यांत अतिरेकी कोण आणि ओलीस कोण हे ओळखणे हाच तेथे मुख्य प्रश्न होता. शायिस्तेखानाच्या महालात जे साधले नाही, ते साधण्यासाठीच हा खटाटोप होता. भारतात १९८४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाची (एन.एस.जी.) स्थापना झाली आणि जर्मन बनावटीची एम.पी.-५ ही आखूड बंदूक त्याच्या जवानांच्या हाती आली.

तंत्राच्या दृष्टीने यानंतर दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली, १९९५ मध्ये अमेरिकी सैन्याने पिकॅटिनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाचांच्या पट्टीचे मानक स्वीकारले. तोवर प्रत्येक दिवा प्रत्येक बंदुकीसाठी वेगळ्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवावा लागे. मानक पट्टीमुळे दिवा बंदुकीपासून स्वतंत्र झाला; तो काढता, लावता आणि बदलता येऊ लागला. दुसरी गोष्ट म्हणजे पांढरा प्रकाश देणारे एल.ई.डी. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एल.ई.डी. सिद्ध केला आणि त्यातून काही वर्षांतच पांढरा प्रकाश मिळू लागला. या शोधासाठी इसामु आकासाकी व हिरोशी आमानो यांच्यासह त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या गोळ्यातील तार प्रत्येक बाराच्या धक्क्याने कमकुवत होई आणि एखाद्या वेळी तुटे. एल.ई.डी.मध्ये तुटायला तारच नाही. बंदुकीवरील दिव्याच्या टिकाऊपणात पडलेला खरा फरक येथे आहे.

६. २६ नोव्हेंबर २००८ : नाकाबंदीवरचा उजेड

मुंबईवरील हल्ल्यात १६६ निरपराध व्यक्ती व सुरक्षाकर्मी मृत्युमुखी पडले. त्यातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी केंद्रस्थानी आहे. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांचा बळी घेऊन अबू इस्माईल व अजमल कसाब हे दोघे पुढे एक स्कोडा मोटार बळकावून गिरगाव चौपाटीकडे निघाले. तेथे पोलिसांची नाकाबंदी होती. न्यायालयीन निकालपत्रांत आलेल्या तपशिलानुसार पोलिसांनी मोटार थांबविण्यास, पुढचे दिवे बंद करून आतला दिवा लावण्यास फर्मावले. इस्माईलने नेमके उलटे केले. पुढचे दिवे तसेच प्रखर ठेवले आणि काचेवर पाणी उडवून पुसणी चालू केली, जेणेकरून आत कोण बसले आहे ते दिसू नये.

पोलिसांची मागणी किती नेमकी होती, हे पाहण्यासारखे आहे. 'तुमचा उजेड आमच्या डोळ्यांवरून काढा आणि तुमच्या चेहऱ्यावर पाडा', हाच तिचा अर्थ. आणि अतिरेक्याने दिलेले उत्तरही तितकेच नेमके होते. त्याने उजेडाचा ताबा सोडला नाही. पुढे मोटार वळविण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकावर अडकली. पोलिसांच्या गोळीबारात इस्माईल ठार झाला. दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेल्या कसाबच्या बंदुकीला साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि अंगावर गोळ्या झेलल्या. त्यांच्याजवळ केवळ लाठी होती. कसाब जिवंत पकडला गेला तो या हातांमुळे. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या सुपुत्रास २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले.

एखादा दिवा असता तर ओंबळे वाचले असते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, आणि त्यांच्या त्यागालाही ते शोभणारे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एवढेच नोंदवावे की, नाकाबंदीवर उभ्या असलेल्या साध्या पोलिसाला समोरच्याचा चेहरा पाहण्यासाठी समोरच्याच्याच दिव्यावर अवलंबून राहावे लागले. १६६३ मध्ये दिवे महालातील माणसांच्या हाती होते. २००८ मध्ये ते मोटारीतील माणसांच्या हाती होते. शस्त्रे पूर्णतः बदलली, परिस्थिती मात्र तीच राहिली. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'फोर्स वन' हे विशेष पथक उभारले. पण रस्त्यावरच्या नाकाबंदीत पहिली गाठ पडते ती विशेष पथकाशी नव्हे, तर ठाण्यातल्या शिपायाशी.

७. निवडीचे निकष

उपरोक्त इतिहासावरून बंदुकीवरील दिव्याच्या निवडीचे काही निकष काढता येतात. ते केवळ तांत्रिक नाहीत. प्रत्येकामागे एखादा अनुभव उभा आहे.

पहिला निकष खात्रीचा. दाबताच लागणारा आणि बाराच्या धक्क्यातही न विझणारा दिवा हवा. बाराच्या धक्क्याने घट मागेपुढे सरकला की क्षणभर संपर्क तुटतो आणि दिवा लुकलुकतो; म्हणून घट घट्ट धरणारी मजबूत स्प्रिंग असलेली रचना पाहावी. चांगल्या दिव्यांत सीआर१२३ए या जातीचे तीन व्होल्टचे लिथियम घट वापरतात. ते न वापरता ठेवले तरी वर्षानुवर्षे टिकतात. सामान्य घरगुती घट मात्र पडून राहिले तर पाझरतात आणि आतले भाग खराब करतात. घट कोणताही असो, ठरलेल्या तारखेला तपासणे व बदलणे याला पर्याय नाही. कॉर्बेट यांच्या विजेरीने शिकविलेला धडा हाच.

दुसरा निकष टिकाऊपणाचा. दिव्याचे कवच कठीण ॲनोडीकरण केलेल्या ॲल्युमिनियमचे किंवा उत्तम प्रतीच्या पॉलिमरचे असावे. धूळ व पाणी यांपासूनच्या संरक्षणासाठी आयपी हा आंतरराष्ट्रीय संकेतांक असतो. त्यातील पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. आयपी-६७ म्हणजे धूळ मुळीच न शिरणारा आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी बाधा न होणारा. तोडा पावसात विझत असे. आज ही अडचण मोजमापाने तपासता येते. खानदेशात याला उष्णतेची जोड द्यावी लागते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा कित्येकदा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो त्याहून चढतो. पुन्हा भारित करता येणारे लिथियम-आयन घट अशा उष्णतेत लवकर क्षीण होतात, ही गोष्ट खरेदीच्या वेळी विसरता कामा नये.

तिसरा निकष आटोपशीरपणाचा. दिवा बंदुकीच्या पुढच्या टोकाकडे बसतो. तेथील थोडेसे वजनही हाताला जड वाटते आणि नेम खाली ओढते. पिस्तुलावरील दिवा नळीच्या टोकापुढे फारसा येऊ नये, आणि दिवा लावलेले पिस्तूल ज्यात बसेल असे म्यान त्याबरोबरच घेतले पाहिजे. अन्यथा दिवा कपाटात आणि पिस्तूल कमरेला, अशी गत होते.

चौथा निकष प्रकाशाच्या प्रमाणाचा. जाहिरातीत ल्युमेनचा आकडा मोठ्याने सांगितला जातो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब जाईल हे कँडेला या मापावरून कळते. उघड्या माळावर किंवा महामार्गावर झोत दूर जाणारा हवा. खोलीत मात्र पसरट उजेड उपयोगी. पांढऱ्या भिंतीच्या लहान खोलीत अतिप्रखर झोत भिंतीवरून परतून धरणाऱ्यालाच दिपवितो. यासाठी सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत चांगला दिवा, हे समीकरण टाळावे.

पाचवा निकष कळीचा. बोट असेपर्यंतच लागणारा आणि बोट उचलताच विझणारा दिवा रात्री अधिक उपयोगी, कारण सतत जळणारा दिवा तोड्यासारखाच आपली जागा सांगतो. कळ दोन्ही हातांना सारखी पोचावी आणि ती शोधण्यासाठी चापावरचे बोट कामी लावावे लागू नये. गडचिरोलीत १९९० पासून कार्यरत असलेल्या सी-६० पथकासारख्यांना जंगलात दृश्य दिव्यापेक्षा अंधारात पाहण्याची उपकरणे अधिक महत्त्वाची वाटावीत, हे याच न्यायाने समजण्यासारखे आहे. वस्तीत ओळख पटविण्यासाठी दिवा हवा. रानात अदृश्य राहण्यासाठी तो नको.

सहावा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष वापराच्या मर्यादेचा. बंदुकीवरील दिवा ज्याच्यावर पडतो त्याच्यावर नळीही रोखलेली असते. त्या दिव्याने वाट शोधणे, कागदपत्रे पाहणे किंवा मोटारीत कोण आहे हे न्याहाळणे म्हणजे प्रत्येक वाटसरूवर भरलेले शस्त्र रोखणे होय. यासाठी प्रत्येक शस्त्रधाऱ्याजवळ आधी साधी हातविजेरी असली पाहिजे. बंदुकीवरील दिवा त्यानंतर. शोधासाठी एक आणि शेवटच्या निर्णयासाठी दुसरा, असा हा भेद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी बचावाच्या हक्काची जी मर्यादा घातली आहे, तिच्या मुळाशीही धोक्याची वाजवी जाणीव हेच तत्त्व आहे. न पाहता झाडलेल्या गोळीला वाजवी जाणिवेचा आधार मिळणे कठीण.

८. खानदेशाच्या संदर्भात

मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो. या रस्त्यावर एकीकडे लळिंगचा आणि दुसरीकडे सोनगीरचा किल्ला उभा आहे; वाट आणि तिची राखण हा या प्रदेशाचा जुना विषय आहे. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे आणि पोलीस प्रशिक्षण केंद्रही आहे. पांझरेपलीकडे वसलेल्या देवपूरसारख्या वाढत्या वस्तीपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत रात्रीची गस्त कोठे ना कोठे चालू असते. विशेष पथकांसाठी नवी शस्त्रे येतात आणि त्यांवर मानक पट्टी असते. परंतु जुन्या पद्धतीच्या लाकडी दस्त्याच्या बंदुकीवर अशी पट्टी नसते. म्हणून दिव्याची खरेदी करण्यापूर्वी तो ज्या शस्त्रावर बसवायचा त्या शस्त्राचा विचार करावा लागतो. दिवा आधुनिक आणि बंदूक जुनी असेल, तर दोन्ही वाया जातात.

याच प्रदेशात रात्रीच्या उजेडाचा आणखी एक, शस्त्राशी संबंध नसलेला अनुभव आहे. केळी-कापसाला रात्री पाणी भरणारा शेतकरी कपाळावर बॅटरी बांधून बांधावरून चालतो, कारण त्याचे दोन्ही हात दारे धरण्यात आणि फावड्यात गुंतलेले असतात. मशालजीच्या काळात जी अडचण बंदूकधाऱ्याची होती तीच त्याची आहे, आणि तिचे उत्तरही त्याने त्याच तत्त्वाने शोधले आहे : जिकडे लक्ष तिकडे उजेड, आणि हात मोकळे. रात्री गस्तीवरच्या शिपायाने बांधावरच्या बॅटरीचा हलता ठिपका पाहिला, तर तो चोराचा की पाणी भरणाऱ्याचा, हे ओळखण्याआधी त्याचे बोट चापावर जाता कामा नये. बंदुकीवरील दिव्याच्या प्रश्नातील खरी जोखीम अशा ठिकाणी आहे.

९. निष्कर्ष

एक, शस्त्र आणि उजेड यांचा इतिहास हा दोन वेगळ्या हातांतील कामे एका हातात येण्याचा इतिहास आहे. मशालजी व बंदूकधारी ही जोडी विजेरीने मोडली आणि बंदुकीवरील दिव्याने ती एकाच माणसात सामावली.

दोन, त्याबरोबर जबाबदारीही एकवटली. पूर्वी चुकीच्या माणसाला मारल्यावर अंधाराला, मशालजीला किंवा मालवलेल्या दिव्याला दोष देता येत असे. ज्याच्या बंदुकीवर दिवा आहे त्याला ही सबब उरत नाही.

तीन, लाल महाल व गिरगाव चौपाटी या दोन प्रसंगांत साडेतीन शतकांचे अंतर असूनही एक तत्त्व समान दिसते : उजेडाचा ताबा ज्याच्याकडे, ओळखीचा ताबा त्याच्याकडे. म्हणून रस्त्यावरच्या शेवटच्या शिपायाकडे स्वतःचा, भरवशाचा उजेड असणे ही चैन नसून गरज आहे.

चार, निवड करताना खात्री, टिकाऊपणा, आटोपशीरपणा, योग्य प्रकाश, योग्य कळ आणि वापराची मर्यादा या क्रमाने विचार व्हावा. ल्युमेनचा आकडा आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

पाच, कोणताही दिवा प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. प्रशिक्षण केंद्रांतील नेमबाजीच्या सरावात गोळी कधी झाडू नये याचाही रात्रीचा सराव असावा. दिव्याच्या झोतात समोरचा माणूस दिसला आणि तो निरपराध असल्याचे ओळखून बोट मागे आले, तर तो दिवा सार्थकी लागला असे समजावे.